‘लाइफटाइम ऑइल’ म्हणजे कुणाचं लाइफटाइम? जुनी ऑटोमॅटिक गाडी आणि तिचं लाल तेल

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना झालेलं ‘म्हणजे... ते... काय म्हणतात’ काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा तेलकट आहे. पण घरी सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी असेल किंवा घ्यायचा विचार चालू असेल, तर पुढची पंधरा मिनिटं तुमचे लाखभर रुपये वाचवू शकतात. आमचे थोडक्यात वाचले, म्हणून सांगतोय.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पप्पा आणि आई लातूरला ताईकडं गेले होते. दुपारी नांदेडला परत निघाले. अहमदपूर मागं पडलं, माळेगावच्या अलीकडं पुढं हळदीची पोती भरलेला टेम्पो होता, चाळीसच्या स्पीडनं चाललेला. पप्पांनी इंडिकेटर दिला, उजवीकडं घेतलं, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज वाढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडी पुढं जाईना. डाव्या बाजूला टेम्पो आणि मागून ट्रॅव्हल्सची बस हॉर्न देत अंगावर आलेली. बसवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. पप्पा कसेबसे टेम्पोच्या मागं आले आणि तिथून लोह्यापर्यंत चाळीसनंच चालवत आणली.

रात्री फोनवर पप्पा एवढंच म्हणाले, “गाडी पिकअपच घेईना झाली रे.” बाकीचं आईनं सांगितलं.

गाडी मीच घेऊन दिलेली. पप्पांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबायला जमत नव्हतं, म्हणून ऑटोमॅटिक. २०१२ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, चार गिअरची पेट्रोल हॅचबॅक, ७४ हजार किलोमीटर चाललेली, २ लाख ४० हजारांत. घेताना मी टायर बघितले, एसी बघितला, इन्शुरन्स बघितला, दरवाजाच्या कडेला पेंट मारलाय का तेही बघितलं. सर्व्हिसची सगळी बिलं होती. इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं होतं. गिअरबॉक्सच्या तेलाचा मात्र कुठल्याच बिलात उल्लेख नव्हता. आणि माझ्या डोक्यात तो प्रश्नच आला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा माणूस, आणि वडिलांसाठी घेतलेल्या गाडीत एवढी मोठी गोष्ट बघायची राहिली.

आधी तुमची ऑटोमॅटिक कुठली ते बघा

आपल्याकडं क्लच नसलेल्या प्रत्येक गाडीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. पण आत चार वेगवेगळे प्रकार असतात, आणि प्रत्येकाचं तेल वेगळं.

पहिला प्रकार एएमटी. भारतात हा २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून आला आणि स्वस्त असल्यानं लगेच पसरला. हा खरं तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक यंत्र करतं, एवढाच फरक. त्यात मॅन्युअलसारखं गिअर ऑइल असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर ‘पी’ नसतो. तुमची गाडी एएमटी असेल तर आजचं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

दुसरा सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुलींमध्ये एक स्टीलचा पट्टा सरकत असतो. याचं तेल पूर्णपणे वेगळं. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं लाल तेल टाकलं, तर पट्टा पुलीवर घसरून गिअरबॉक्सची वाट लागते.

तिसरा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला. त्याचं गणित वेगळं, तो एपिसोड पुन्हा कधीतरी.

चौथा टॉर्क कन्व्हर्टर. हा सगळ्यात जुना आणि दणकट प्रकार, आमच्या गाडीत हाच आहे. आणि याच्यातलं तेल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड.

हे तेल नक्की करतं काय?

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याची पिन काढून ठेवा. पहिल्याच्या हवेनं दुसऱ्याचं पातं हळूहळू फिरायला लागतं. दोघांमध्ये कुठलाही दांडा नाही, पट्टा नाही, मधे फक्त हवा आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त हवेच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल दुसऱ्या पंख्यावर फेकतो, आणि दुसरा पंखा गिअरबॉक्स फिरवतो. म्हणून सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. एक पंखा फिरत असतो, दुसरा थांबलेला असतो, मधलं तेल घुसळलं जात असतं. ही मूळ कल्पना जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर यांची, १९०५ च्या सुमाराची आणि मुळात जहाजांसाठी.

म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणं हे तेलाचं पहिलं काम. दुसरं काम दाबाचं. गिअर बदलायला आत बोटं नसतात, तेलाच्या प्रेशरनं आतल्या क्लच प्लेट दाबल्या जातात. कुठल्या क्षणी कुठली प्लेट दाबायची हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग ठरवतो. त्यात तेल जायला भुलभुलैयासारख्या बारीक वाटा असतात. तिसरं काम वंगणाचं, चौथं गारवा ठेवायचं.

पाचवं काम सगळ्यात अवघड. त्या क्लच प्लेट तेलातच बुडालेल्या असतात. तेल गुळगुळीत हवं, पण प्लेट एकमेकींना चिकटताना त्या घसरल्या नाही पाहिजेत. एकाच तेलाकडून दोन उलट अपेक्षा! हे जमवायला तेलात खास रसायनं घालावी लागतात. एकेकाळी अमेरिकेत यासाठी चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं व्हेलच्या तेलावर बंदी आली, तेव्हा कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली.

हे सांगायचं कारण, आपल्याकडं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात, “लाल तेल आहे ना, सगळं सेमच असतंय.” अजिबात नाही. लाल तर नुसता रंग आहे, गळती ओळखू यावी म्हणून घातलेला. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्यांना एसपी-३ लागतं. होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांना आधी झेड-१ होतं, नंतर त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आलं. टोयोटात काहींना टी-४, नंतरच्यांना डब्ल्यूएस. तुमच्या गाडीला कुठलं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर पीडीएफ शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. पॉवर स्टिअरिंगसाठी आणलेला लाल डबा गॅरेजच्या फळीवर असतोच. तो तुमच्या गिअरबॉक्ससाठी नाही.

तेल म्हातारं कशानं होतं?

उष्णतेनं. एटीएफचं नेहमीचं तापमान ८० ते ९५ अंशांच्या आसपास असतं. या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की त्याच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. तंतोतंत नियम नाही, पण अंदाज यायला पुरेसा.

आता उष्णता कुठून येते? ते घुसळणं आठवा. गाडी हायवेला एका लयीत चालते तेव्हा बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर आतून लॉक होतात, घुसळणं थांबतं, तेल त्यामानानं गार राहतं. ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांवर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, सारखं घुसळणं.

मी बसून एक साधा हिशोब केला. आमची गाडी ७४ हजार किलोमीटर चालली, त्यातली बहुतेक पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये. तिथं सरासरी वेग ताशी २० धरला तर ३,७०० तास होतात. हीच गाडी नांदेड–लातूर रोडवर सरासरी ६० नं चालली असती, तर साडेबाराशे तास सुद्धा झाले नसते. किलोमीटर तेवढेच, पण तेल तिप्पट वेळ राबलं, आणि तेही तापलेल्या अवस्थेत. म्हणून मोठ्या शहरातून आलेली ‘कमी चाललेली’ ऑटोमॅटिक गाडी मिरवणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. मीही तेव्हा ‘फक्त ७४ हजार’ म्हणूनच खूश झालो होतो.

त्यात आपला मराठवाडा. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश. बऱ्याच गाड्यांमध्ये एटीएफ गार करायची नळी रेडिएटरच्या आतूनच जाते. आणि आपल्याकडं रेडिएटरमध्ये काय ओततात? बोअरचं पाणी! त्याच पाण्यानं बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या आत बसतो. इंजिनचं टेंपरेचर कदाचित काट्यावर दिसणार नाही, पण गिअरचं तेल शिजत राहतं. म्हणून गिअरबॉक्स वाचवायचा असेल तर पहिला खर्च चांगल्या कुलंटचा.

मग ‘लाइफटाइम’ म्हणजे काय?

आम्ही सगळ्यात आधी शोरूमला विचारलं. उत्तर आलं, “सर, लाइफटाइम फिल आहे. बदलायची गरज नाही.”

हा शब्द फसवा आहे. गाडीच्या कंपनीच्या हिशोबात तो नॉर्मल वापरासाठी असतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर आणखी एक तक्ता असतो, खडतर वापराचा. सतत ट्रॅफिक, जास्त उष्णता, धूळ, घाट. आपण त्यातल्या किती खुणांवर टिक करतो ते तुम्हीच बघा. त्या तक्त्यात पुष्कळदा तेल बदलायचे किलोमीटर स्पष्ट दिलेले असतात.

दुसरं उदाहरण तर भारीच आहे. झेडएफ ही जर्मन कंपनी बऱ्याच महागड्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवते. त्यातल्या कित्येक गाड्यांचे कारखानदार तेलाला लाइफटाइम म्हणतात. आणि स्वतः झेडएफ सांगते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की बदला. ज्यानं गिअरबॉक्स बनवला त्याचं ऐकायचं की विकणाऱ्याचं, तुम्हीच ठरवा. पहिल्या मालकाचं लाइफटाइम सात-आठ वर्षांत संपतं. गाडी मग आपल्यासारख्यांकडं येते, आणि तेल तेच राहतं.

चाचा म्हणाले, हात लावू नका

मी सुट्टी टाकून नांदेडला आलो. आमच्याकडं देगलूर नाक्याच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. पप्पांची पहिली गाडी असल्यापासूनचे. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी म्हटलं, चाचा, गिअर ऑइल बदलून टाकू.

चाचा म्हणाले, “भैय्या, जुनं तेल आहे तोवर गिअर आहे. कशाला उचकायलात? मी चार गाड्या बघितल्या. तेल बदललं, आन महिन्याभरात गिअर गेला.”

इंटरनेटवरही हेच वाचलं होतं. मग मी विचारलं, “चाचा, त्या चार गाड्या तुमच्याकडं आल्या कशासाठी होत्या?”

“स्लिप मारायल्या म्हणून.”

“म्हणजे गिअर आधीच चालला होता.”

चाचा जरा वेळ गप्प बसले. मग हसले. म्हणाले, “असं कधी बघितलं नाही.”

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. लोक तेल कधी बदलतात? गाडी घसरायला लागली की. तेव्हा आतल्या क्लच प्लेट आधीच झिजलेल्या असतात. नवीन तेलानं झिजलेली प्लेट परत येत नाही. गिअर जातो आणि नाव तेलाचं होतं. आयसीयूत नेल्यावर पेशंट गेला, म्हणून आयसीयूला दोष देण्यातला प्रकार.

पण चाचांच्या भीतीत अगदीच तथ्य नाही असंही नाही. मशीन लावून प्रेशरनं सगळं तेल एकदम बदलायची एक पद्धत असते, फ्लश म्हणतात तिला. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ त्यात सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या त्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. इतिहास माहीत नसलेल्या जुन्या गाडीला हा धोका घ्यायचं कारण नाही. लातूरला एका ऑइलच्या दुकानात मला हाच फ्लश ‘स्पेशल ऑफर’मध्ये करून देत होते. मी नाही म्हटलं.

आणि आमची खरी अडचण वेगळीच होती. आमचीही गाडी माळेगावजवळ घसरली होतीच की! म्हणजे आमची गाडी चाचांची पाचवी गाडी ठरणार होती का? गिअरबॉक्स खोलून बांधायचा आकडा फोनवर सव्वा लाख आला होता. अडीच लाखांच्या गाडीला सव्वा लाख. पप्पा म्हणाले, “विकून टाक, मी ऑटोनं जाईन.” त्यांना ऑटोनं फिरायला लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

एका वेळी एकच बदल

सॉफ्टवेअरमध्ये एक शिस्त असते. बग सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशानं चाललं ते कळत नाही. बिघडलं, तर कशानं तेही कळत नाही. इथंही तेच करायचं ठरवलं.

पहिलं पाऊल, फक्त बघायचं. गाडी अर्धा तास चालवून गरम केली, सपाट जागेवर उभी केली, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवला, आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली. आमच्या गाडीची पद्धत अशी आहे. प्रत्येक गाडीची अशीच नसते. होंडाच्या जुन्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांत इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथं स्कॅनरवर तेलाचं तापमान बघून खालच्या बोल्टमधून लेव्हल तपासतात. तुमचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं.

पुसायला चाचांनी कॉटन वेस्ट पुढं केलं, मी टिश्यू पेपर घेतला. त्या वेस्टचा एखादा धागा आत गेला तर त्या बारीक वाटेत बसायला तेवढा पुरतो.

टिश्यूवर थेंब पडला. नवीन एटीएफ डाळिंबाच्या रसासारखं लाल, आरपार दिसणारं. आमचं तपकिरी, काळ्या चहासारखं, किंचित करपट वास. हे वाईट, पण रंगावरून लगेच घाबरायचं नाही. जास्त वाईट खुणा दोन. एक, तेलात चमचमणारे धातूचे कण. दोन, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा दुधट गुलाबी रंग, म्हणजे रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय. मग गाडी चालवायचीच नाही. आमच्यात दोन्ही नव्हतं.

पण तिसरीच गोष्ट दिसली. लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली होती.

इथं माझी ट्यूब पेटली. इंजिन थोडं थोडं ऑइल खातं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खात नाही. तेल कमी असेल तर कुठून तरी गळतंय. चाचा गाडीखाली शिरले, टॉर्च मारला, बोटानं पुसून दाखवलं. “हे बघा भैय्या, ॲक्सलचं सील गळायलंय. थेंब थेंब. पार्किंगमध्ये डाग पण पडणार नाही एवढं.”

मग माळेगावचं कोडं सुटायला लागलं. तेल कमी, तेही तापून पातळ झालेलं. अशात जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, म्हणून प्रेशर पडतं. प्रेशर पडलं की क्लच प्लेट घट्ट दाबल्या जात नाहीत. इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी.

म्हणजे अजून आशा होती. दुसरं पाऊल म्हणून फक्त सील बदललं आणि योग्य तेल लेव्हलपर्यंत भरलं. बाकी काही नाही. चाचांना शेजारी बसवून नांदेड ते लोहा आणि परत, भर दुपारी, एसी लावून. दोनदा मुद्दाम जोरात दाबून बघितलं. गाडी घसरली नाही. घसरली असती तर मी तेल बदललंच नसतं, कारण ते पैसे वाया गेले असते.

तिसरं पाऊल, तेल बदलायचं. पण फ्लश नाही. खालचा ड्रेन बोल्ट काढायचा, जेवढं पडेल तेवढं मोजायचं, तेवढंच नवीन भरायचं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल असं बाहेर येत नाही, त्यामुळं साधारण निम्मंच बदलतं. आमच्या गाडीत एकूण सहा लिटरच्या आसपास, बाहेर आलं तीन. म्हणजे पहिल्या वेळी निम्मं तेल नवीन. हजार किलोमीटरनं पुन्हा तेच केलं की पाऊण भाग नवीन. तिसऱ्यांदा केलं की साडेसत्त्याऐंशी टक्के. गाळ एकदम उसळत नाही, हळूहळू बाहेर येतो.

ड्रेन बोल्टला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती वर्षानुवर्षांची साधी झीज. लोखंडाच्या कपच्या दिसल्या तर मात्र अवघड. आमच्या बोल्टवर काजळासारखा लेप होता. चाचांनी तो पुसला, मान हलवली आणि म्हणाले, “चलतंय.” त्या एका शब्दानं मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

काढलेलं तेल नालीत ओतायचं नाही, ते गोदावरीला जातं. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असतो, त्यात टाकायला सांगा.

सील, तीन वेळचं तेल आणि मजुरी मिळून खर्च दहा हजारांच्या आत आला.

फरक काय पडला?

आधी सकाळी ‘डी’ टाकल्यावर गाडी दोन सेकंदांनी हलायची, आता लगेच हलते. चढावर सारखं गिअर खाली-वर करणं थांबलं. पप्पा ताईकडं तीनदा जाऊन आले, काही अडचण आली नाही. पण खरं सांगतो, भर उन्हात दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना एक हलका झटका अजून लागतो. जी झीज आधी झाली ती झाली. ही गाडी किती वर्षं काढेल हे कुणीच सांगू शकत नाही. आपण फक्त तिला उरलेली वर्षं नीट जगू देऊ शकतो.

‘टोचन करून नेऊ का?’

हा प्रश्न परवा एका श्रोत्यानं व्हॉट्सॲपवर विचारला, उदगीरहून. ऑटोमॅटिक गाडी रस्त्यात बंद पडली, ट्रॅक्टर आहे, दोर आहे, टोचन करून गॅरेजपर्यंत नेऊ का?

नका नेऊ. गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना गाडी ओढली, तर चाकांबरोबर आतले भाग फिरतात आणि त्यांना तेल मिळत नाही. काही किलोमीटरमध्ये चांगला गिअरबॉक्स खलास. निदान इंजिनची ताकद जाणारी दोन चाकं तरी जमिनीवरून उचललेली पाहिजेत. सगळ्यात चांगलं म्हणजे पूर्ण गाडी वाहून नेणारा टोइंगचा ट्रक बोलवा. आणि ही गाडी धक्का मारूनही चालू होत नाही, त्यामुळं बॅटरीकडं लक्ष ठेवा.

अजून तीन सवयी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’वरून ‘आर’ नाही. उतारावर पेट्रोल वाचवायला ‘एन’ नाही. आणि उभी करताना ब्रेक दाबलेला ठेवून आधी हँडब्रेक, मग ‘पी’, म्हणजे गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खुंटीवर येत नाही.

गाडी घ्यायला जाताना

शेवटी, मी जे केलं नाही ते तुम्ही करा.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा, इंजिन गार ठेवा, मी आल्यावर चालू करू. गरम गाडी बरेच आजार लपवते. चालू केल्यावर ब्रेक दाबून ‘डी’ टाका आणि मनात मोजा. एक-दीड सेकंदात गाडीनं हलकी ओढ दाखवली पाहिजे. मग अर्धा तास चालवा आणि गरम झाल्यावर पुन्हा तेच बघा. रिकाम्या रस्त्यावर एकदा जोरात दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही असं वाटलं, तर पाया पडून परत या. बिलांच्या फाइलमध्ये गिअर ऑइलचा उल्लेख शोधा. नसेल तर नाराज होऊ नका, तो खर्च किमतीतून कमी करून मागा. डिपस्टिक असेल तर टिश्यू पेपर खिशात ठेवा. लोक हसतील, हसू द्या.

आणि गाडी आधीच घरी असेल, तर या रविवारी मॅन्युअल उघडून दोनच गोष्टी शोधा. तेलाचं नाव, आणि लेव्हल बघायची पद्धत.

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता एक छोटी वही आहे. तारीख, किलोमीटर, किती काढलं, किती भरलं, रंग कसा होता. पप्पा स्वतः लिहितात, त्यांच्या बँकेतल्या अक्षरात. उद्या ही गाडी कुणी घेतली, तर त्याला निदान एवढा इतिहास तरी मिळेल. मागच्या रविवारी चाचांचा फोन आला होता, कुणाची तरी नवीन घेतलेली जुनी ऑटोमॅटिक त्यांच्याकडं आली होती. विचारत होते, “भैय्या, ते टिश्यूवालं कसं बघायचं, परत एकदा सांगा बरं.”

चला मंडळी, भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्या टिश्यूवर कुठला रंग आला, तो फोटो नक्की पाठवा.